रखडणं आणि घुटमळणं

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या ऑफिसात एक डेमो झाला. मी ज्या कंपनीत काम करते तिचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, तशा बऱ्याच आहेत. आम्ही वकिलांना आणि सरकारी खात्यांना सॉफ्टवेअर विकतो. याचिकेची पीडीएफ टाकायची, मशीन ती वाचतं, तिच्यासारखे जुने निकाल शोधतं आणि शेवटी एका गोल चकतीत टक्के दाखवतं: मंजूर होण्याची शक्यता इतकी, फेटाळली जाण्याची इतकी. त्यातला माझा भाग अगदी तळाचा, स्कॅन केलेल्या पानांवरून मजकूर उचलण्याचा. निम्मी पानं तिरकी असतात, शिक्का नेमका आकड्यावर बसलेला असतो आणि समासात कुणीतरी हिरव्या शाईने सही ठोकलेली असते. या कामात ग्लॅमर नाही, पण इतर कुणी वाचत नाही ते वाचायला मिळतं.

डेमोसाठी मॉडेलने आधी न पाहिलेल्या पाच याचिका हव्या होत्या. चार मी इकडूनतिकडून आणल्या. पाचवी घरून आणली. ती बाबांची आहे हे कुणाला सांगितलं नाही.

चकती फिरली आणि थांबली. फेटाळली जाण्याची शक्यता ८७ टक्के. "प्रत्यक्षात काय झालं?" मॅनेजरने विचारलं. "फेटाळली," मी म्हणाले. टाळ्या पडल्या. शेजारी बसलेला माझा मित्र, चांगला मुलगा आहे, खांद्यावर थाप मारून म्हणाला, "बघ, लॉ म्हणजे शेवटी इफ-एल्सच."

बाबांचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर टेकलेलं आहे. बाबा एका सरकारी खात्यात वरिष्ठ लिपिक होते. निवृत्त झाल्यावर चार महिन्यांनी खात्याला साक्षात्कार झाला की बारा वर्षांपूर्वी त्यांची वेतननिश्चिती चुकली होती. चूक कार्यालयाची, पण जादा गेलेले पैसे बाबांचे, म्हणून २,१४,००० रुपये उपदानातून वसूल. असं हजारो जणांचं होतं, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली रफीक मसीह प्रकरणात पाच परिस्थिती सांगितल्या, ज्यांत अशी वसुली करता येत नाही. पहिली: कर्मचारी तृतीय किंवा चतुर्थ श्रेणीचा असेल तर. दुसरी: तो निवृत्त झालेला किंवा वर्षभरात होणारा असेल तर. तिसरी: पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम दिली गेली असेल तर. बाबा तिन्हींत बसत होते.

पण २०१६ साली जगदेव सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की, जादा पैसे परत करीन असं हमीपत्र ज्याने दिलंय त्याला निवृत्तीची ढाल मिळणार नाही. ते प्रकरण एका न्यायाधीशाचं होतं, लिपिकाचं नव्हे. बाबांनी वेतन आयोगाच्या वेळी सगळ्यांसारखंच छापील हमीपत्र सही करून दिलं होतं. न देता पगार निघत नव्हता. आता बाबांच्या वकिलांचा मुद्दा असा: २०१६च्या निकालाने पाचांतली दुसरी परिस्थिती मोडली, पहिलीला हातही लावला नाही. मग तृतीय श्रेणीच्या माणसाला हमीपत्र आडवं येतं का?

मला हा प्रश्न खरोखर अडवणारा वाटतो. दोन्ही बाजूंनी बोलता येतं. एका न्यायाधिकरणात हे प्रकरण पावणेसहा वर्षं पडून राहिलं, एकदा एका सदस्यापुढे सात-आठ मिनिटं ऐकलं गेलं आणि दीड पानात निकाली निघालं. हमीपत्र आहे, सबब वसुली योग्य. तृतीय श्रेणीच्या मुद्द्यावर एक अक्षर नाही. हो नाही, नाही नाही. मुद्दा मांडलाच नव्हता असं समजून निकाल पुढे गेला.

आमच्या मॉडेलनेही नेमकं तेच केलं होतं. मी नंतर आत शिरून पाहिलं: 'हमीपत्र' या शब्दाला भरघोस वजन, श्रेणीच्या उल्लेखाला जवळजवळ शून्य. माझा मित्र म्हणतो ते अचूकतेचं लक्षण. तेव्हापासून मी त्याच्याशी भांडतेय. पण भांडायला धड भाषा नव्हती. ती मला एका फ्रेंच माणसाच्या पुस्तकात सापडली.

त्याचं आडनाव लातूर. मराठवाड्याशी संबंध नाही. ब्रुनो लातूर, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ, बर्गंडीतल्या वाइनवाल्या घराण्यातला, २०२२ साली वारला. तो गाजला तो प्रयोगशाळांचा अभ्यास करून. एखादा मानववंशशास्त्रज्ञ दूरच्या बेटावर जाऊन राहतो तसा तो कॅलिफोर्नियाच्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन बसला, आणि 'तथ्य' नावाची वस्तू रोजच्या रोज कशी तयार होते ते टिपून त्याने स्टीव्ह वूल्गरबरोबर १९७९ साली पुस्तक लिहिलं. पुढे नव्वदच्या दशकात त्याने हीच युक्ती फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयावर वापरली. त्या न्यायालयाचं नाव कोन्सेय देता. मराठी कानाला कुणीतरी काहीतरी 'देता' आहे असं वाटतं, पण अर्थ नुसता 'राज्याची परिषद'. त्यावरचं पुस्तक फ्रेंचमध्ये २००२ साली आलं. नावाचा अर्थ साधारण 'कायद्याचा कारखाना'.

ही परिषद म्हणजे अजब चीज आहे. नेपोलियनने १७९९ साली स्थापलेली, १८७५ पासून पॅरिसच्या पाले-रोयाल राजवाड्यात बसलेली. सरकारने काही केलं, किंवा करायचं ते केलं नाही, तर नागरिक नेहमीच्या कोर्टात जात नाही. त्यासाठी वेगळ्या न्यायालयांची उतरंड आहे आणि तिच्या टोकावर ही परिषद. गंमत म्हणजे हीच परिषद सरकारला कायद्यांच्या मसुद्यांवर सल्लाही देते. एका दालनात सल्लागार, दुसऱ्या दालनात न्यायाधीश. सदस्य बरेचसे प्रशासनाच्या शाळेतून आलेले, मधूनच कुठल्या मंत्रालयात जाऊन राबून परत येणारे. आपल्याकडे इंग्रजी शिकवणुकीत वाढलेला वकील हे ऐकून नाक मुरडतो. हे मुरडणं वारशाने आलंय: १८८५ साली डायसीने आपल्या ग्रंथात फ्रेंच प्रशासकीय कायद्याकडे संशयाने पाहिलं आणि पुढच्या पिढ्यांनी तो संशय जपून ठेवला.

लातूरला तिथे जे बघायला मिळालं ते सहसा कुणाला मिळत नाही. फ्रान्समध्ये न्यायाधीशांची आपसातली चर्चा गुप्त असते. त्याला आत बसू दिलं. अट एवढीच की नावं-गावं बदलायची.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच कबुतरं आहेत. एका शेतकऱ्याचं सूर्यफुलाचं पीक गावातल्या कबुतरांनी फस्त केलं. त्याचं म्हणणं, कबुतरांचा बंदोबस्त करणं हे नगराध्यक्षाचं काम. त्याने केलं नाही, म्हणून नगरपालिकेने भरपाई द्यावी. आमच्या चकतीत टाकलं तर हे दोन सेकंदांचं काम. पाले-रोयालमध्ये या कबुतरांवर सुटाबुटातली माणसं गंभीरपणे बोलत बसतात, कारण कबुतरांच्या मागे दडलेला प्रश्न मोठा आहे: नगराध्यक्षाने आपले अधिकार वापरले नाहीत तर पालिकेला जबाबदार धरायला साधी चूक पुरे, की 'गंभीर चूक' सिद्ध करावी लागते? यावर उद्या पुराचा बंधारा, परवा कोसळलेली भिंत, सगळं ठरणार असतं.

आणि ते बोलतात कसे, हे खरं पाहण्यासारखं आहे. प्रकरण आधी जातं प्रतिवेदकाकडे, म्हणजे ज्याने फाइल वाचून टिपण आणि निकालाचा मसुदा लिहायचा त्याच्याकडे. हा पुष्कळदा शाळेतून नुकताच बाहेर पडलेला, माझ्या वयाचा किंवा माझ्याहून लहान. त्याचं काम संपलं की तीच फाइल दुसरा माणूस, फेरवाचक, पहिल्या पानापासून पुन्हा वाचतो. मग बैठक. टिपण मोठ्याने वाचलं जातं, फेरवाचक आणि अध्यक्ष ते उलटंपालटं करतात. बैठकीत आणखी एक जण ऐकत बसलेला असतो. त्या काळी त्याचं नाव होतं 'सरकारचा आयुक्त', आणि सरकारशी त्याचा काडीचा संबंध नसे. पुढे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००१ साली आक्षेप घेतला तो त्याच्या चर्चेतल्या हजेरीवर, आणि दिशाभूल करणारं नावही २००९ साली बदलून 'सार्वजनिक प्रतिवेदक' झालं. तो फाइल घरी नेतो, चौथ्यांदा वाचतो आणि उघड सुनावणीत उभा राहून सांगतो की कायद्याने काय व्हायला हवं असं त्याला वाटतं आणि का. मग तो गप्प बसतो. मत द्यायचा अधिकार त्याला नाही. त्यानंतर न्यायाधीश आत जातात आणि पुन्हा वाद घालतात. प्रकरण जड निघालं तर ते आणखी मोठ्या पीठाकडे ढकललं जातं आणि सगळं पहिल्यापासून.

मी हे वाचताना मला आधी हसू आलं. हा तर कोड रिव्ह्यू! ज्युनिअरने बदल लिहायचा, सिनिअरने ओळ न ओळ बघायची, तिसऱ्याने विचारायचं की हे जुन्या भागाला मोडत नाही ना. आमच्या धंद्यातली एकमेव शहाणपणाची सवय. कंपनीत कुणी म्हणालं की रिव्ह्यूमध्ये वेळ जातो, थेट प्रॉडक्शनला टाकू, तर आम्ही त्याला वेड्यात काढतो. आणि हेच आम्ही कोर्टाला सुचवायला निघालोय.

लातूरने त्या बैठकांत एक गोष्ट मोजण्याजोगी मानली, जिच्याकडे कायद्याची पुस्तकं बघतही नाहीत. तो तिला म्हणतो हेझिटेशन. मी मराठीत घुटमळणं म्हणेन. दारापर्यंत जायचं, उंबऱ्याशी थांबायचं, मागे वळून बघायचं. अध्यक्ष म्हणतो, "ठीक, फेटाळू या." कुणीतरी म्हणतं, "पण त्या दुसऱ्या निकालाचं काय?" सगळे परत बसतात. लातूरचं म्हणणं असं की या घुटमळण्याला कामातला अडथळा समजू नका, तेच काम आहे. निकालावर पोचण्याआधी निकालापासून सुटं होता आलं पाहिजे. ज्याचं उत्तर आधीच ठरलंय तो न्याय करत नाही, तो नोंद करतो. शास्त्रज्ञाशी तुलना करताना तो म्हणतो, प्रयोगशाळेतला माणूस आपल्या निष्कर्षावर जीव टाकतो, तो खरा ठरावा म्हणून धडपडतो. इथले न्यायाधीश खुर्चीत रेलून, जवळजवळ कंटाळल्यासारखे बसतात, कारण कुठल्याही एका उत्तराला चिकटायचं नाही ही त्यांची शिस्त. आणि तरी त्यांना थांबता येत नाही. शास्त्रज्ञ म्हणू शकतो, अजून पुरावा हवा. फ्रेंच न्यायाधीश कायदा गप्प आहे म्हणून निकाल नाकारू शकत नाही. नागरी संहितेचं चौथं कलम त्याला गुन्हा मानतं. घुटमळायचं, पण निघायचंही.

इथे मला माझ्या मित्राच्या खांद्यावर परत एक थाप मारायची आहे. आपण सगळे कोर्टाच्या वेळेबद्दल तावातावाने बोलतो. शहाण्याने पायरी चढू नये वगैरे. पण 'वेळ' या एका शब्दात आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक रखडणं: फाइल कपाटात आहे, नोटीस बजावली गेली नाही, सरकारी वकील मुदत मागतोय, सदस्याची जागा रिकामी आहे. यात कुणीही विचार करत नसतं. दुसरं घुटमळणं: फाइल टेबलावर उघडी आहे आणि चार डोकी तिच्यावर भांडतायत. बाबांच्या वाट्याला पहिल्यातली पावणेसहा वर्षं आली आणि दुसऱ्यातलं एक मिनिटही नाही.

आमचा धंदा यांतलं काय बरं करतो? मजा बघा. रखडण्याचा उपाय म्हणून विकला जातो आणि घुटमळणं कापतो. नोटीस वेळेवर बजावली जाईल असं सॉफ्टवेअर बनवायला कुणाला हौस नाही. ते कंटाळवाणं काम, त्यात पोस्टमन येतो, पत्ता चुकीचा असतो, स्कॅनर बंद असतो. न्यायाधीशाच्या डोक्यातली सात मिनिटं दोन सेकंदांवर आणणं यात मात्र गुंतवणूक येते, परिषदा भरतात, माझ्यासारख्यांना पगारवाढ मिळते. पावणेसहा वर्षं तशीच राहतात. तेवढी सात मिनिटं वाचतात.

कुणी म्हणेल, मॉडेल तर खऱ्या न्यायाधीशांच्या निकालांवरच शिकतं ना, मग त्यांचं घुटमळणंही शिकेलच की. नाही शिकणार, आणि हे मी कायद्याच्या नव्हे, माझ्या धंद्याच्या अधिकारात सांगते. फ्रेंच परिषदेचा निकाल परंपरेने एकाच लांबलचक वाक्यात लिहिला जाई. आपल्या सरकारी आदेशांत 'ज्याअर्थी... ज्याअर्थी... त्याअर्थी' असतं तसंच. प्रत्येक परिच्छेद 'हे विचारात घेता' म्हणून सुरू आणि पूर्णविराम थेट शेवटी. २०१९ पासून त्यांनी ही पद्धत सोडून सरळ वाक्यं लिहायला सुरुवात केली. पण वाक्य एक असो की पन्नास, निकालपत्र लिहिताना पहिली गोष्ट पुसली जाते ती शंका. कोण अडलं, कशावर अडलं, मसुदा कितीदा फिरला, कुठला मुद्दा एका मताने हरला, यातलं काही छापलं जात नाही. निकाल वाचून वाटतं की हे दुसरं काही होऊच शकत नव्हतं. तशी भाषाच असते ती.

आमच्या भाषेत, निकाल म्हणजे कंपाइल झालेली फाइल. मूळ कोड, त्यातल्या टिपा, फेटाळलेल्या आवृत्त्या, रिव्ह्यूमधली भांडणं, सगळं झडून गेलेलं. आम्ही असल्या लाखो फाइली मॉडेलला भरवतो आणि म्हणतो की ते आता न्यायाधीशासारखा विचार करतं. ते न्यायाधीशासारखं लिहितं. घुटमळणं झाल्यावर माणूस ज्या खात्रीने लिहितो ती खात्री ते शिकलं, आधीचं घुटमळणं त्याने कधी पाहिलंच नाही. फ्रान्समध्ये निदान त्या मत नसलेल्या प्रतिवेदकाची काही भाषणं छापली जातात. त्यांत खोदकामाच्या खुणा सापडतात. आपल्याकडे 'बोलका आदेश' हवा असं न्यायालयं वारंवार सांगतात, आणि बाबांच्या दीड पानाला तो आदेश बोलका वाटला असावा.

२०१६ साली फ्रान्समध्ये एक संकेतस्थळ निघालं. काढणाऱ्याने प्रशासकीय न्यायालयांचे निकाल जमवून, परदेशी माणसाला देश सोडायला लावणाऱ्या आदेशांविरुद्धचे दावे कोणत्या अध्यक्षापुढे किती फेटाळले जातात ते मांडलं. फरक डोळ्यांत भरणारा निघाला. काहींपुढे जवळजवळ सगळे फेटाळलेले, काहींपुढे बरेच कमी. त्याच वर्षी निकाल सर्वांना खुले करण्याचा कायदा झाला होता. आणि २०१९च्या मार्चमध्ये दुसरा कायदा आला: न्यायाधीशांची नावं वापरून त्यांच्या कामाची तुलना, विश्लेषण किंवा भाकीत करायचं नाही. कराल तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग.

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ही बातमी 'बघा, कोर्ट कशी घाबरतात' म्हणून फिरली. इथे मी मित्राच्या बाजूची आहे, पण वेगळ्या कारणाने. ही बंदी मला मान्य नाही. नावानिशी मोजू द्यायला हवं होतं. फक्त मोजून काय हाती लागलं ते नीट वाचा. एखाद्या अध्यक्षापुढचा निकाल जर नुसत्या त्याच्या नावावरून सांगता येत असेल, तर तिथे फाइल कुणी उघडत नाही असं म्हणायला जागा आहे. चांगलं चाललेल्या पीठाचं भाकीत अवघड व्हायला हवं. सोप्या प्रकरणांत नव्हे, अडणाऱ्या प्रकरणांत. म्हणजे आमची चकती अचूक ठरते तेव्हा टाळ्या वाजवायच्या नसतात. ८७ टक्के हा आकडा आजाराचा आहे, थर्मामीटरचा. आम्ही ताप विकायला बसलोय. फ्रेंच सरकारने थर्मामीटरच फोडला, हेही तितकंच वाईट.

लातूरवर मी फार खूश आहे असं समजू नका. त्याला राजवाडा चढला, असं मला पुस्तकभर वाटत राहिलं. फाइलींना बांधलेली रबरबँडं, पुठ्ठ्याचे फोल्डर, शिक्के, टपालाचे कप्पे, यांवर तो इतक्या प्रेमाने लिहितो की मला स्कॅनिंगवाल्या मुलीला गहिवरून येतं. पण शेतकरी कुठे आहे? तो फक्त कागद म्हणून येतो. त्याचं शेत, त्याची वाट बघणं, वकिलाची फी, बायकोचं 'सोडा आता', यातलं काहीही पाले-रोयालच्या दारातून आत येत नाही, आणि लातूर दाराबाहेर जात नाही. तुम्ही फक्त टेबलाशी बसलात तर तुम्हाला घुटमळणं दिसणार आणि रखडणं दिसणार नाही. त्याने कारखाना दाखवला, पण गेटबाहेरची रांग नाही.

याहून गंभीर आक्षेप त्या घराच्या इतिहासातच आहे. ऑक्टोबर १९४०, व्हिशी सरकारने ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढणारा कायदा केला. त्या कायद्याच्या आठव्या कलमात सोय होती: ज्यांनी फ्रान्सची असामान्य सेवा केली त्यांना व्यक्तिगत आदेशाने सूट मिळेल, आणि तो आदेश परिषदेच्या सल्ल्यातून जाईल. म्हणजे याच संस्थेत, याच शिस्तीने, अमक्या प्राध्यापकाची सेवा असामान्य की नुसतीच चांगली यावर घुटमळणं चाललं. परिषदेतल्या ज्यू सदस्यांना तोवर काढून टाकलेलं होतं. मूळ प्रश्नावर कुणी अडलं नाही, आणि तपशिलावर सगळे अडले. मग त्याच संस्थेने ऑक्टोबर १९६२ मध्ये द गॉलच्या आदेशाने उभं राहिलेलं लष्करी न्यायालय रद्द ठरवलं, त्या न्यायालयाने फाशी सुनावलेल्या माणसाच्या अर्जावर. माणूस दहशतवादी गटातला होता, सहानुभूती कुणालाच नव्हती, आणि द गॉल संतापला. तरी त्यांनी विचारलं: अपिलाची सोय नसलेलं न्यायालय असं उभं करता येतं का? या दोन्ही वेळा कार्यपद्धत जवळपास सारखीच होती, म्हणून घुटमळणं असलं की न्याय मिळतोच असं मी म्हणत नाही. ते नसलं की मिळतो का, याचं एक उदाहरण माझ्या घरात आहे.

आपण फ्रान्स नाही, आपल्याकडे असली एक परिषद नाही. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३२३-अ कलम आलं, १९८५च्या कायद्याने सरकारी नोकरांसाठी प्रशासकीय न्यायाधिकरणं आली. उच्च न्यायालयांवरचा बोजा कमी व्हावा, हा हेतू. पीठावर एक न्यायिक सदस्य, एक प्रशासकीय. कल्पना पाले-रोयालला अगदीच परकी नाही. पण एकच सदस्य बसवायचीही मुभा आहे, आणि एकट्या माणसाला भांडायला समोर कुणी नसतं. १९९७ साली चंद्रकुमार निकालाने ठरलं की न्यायाधिकरणाचा निकाल आधी उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांपुढे तपासला जाईल. म्हणजे बोजा कमी करायला बांधलेल्या दारातून लोक फिरून त्याच अंगणात. बाबाही तिथेच आहेत आता. दीड वर्ष झालं, प्रकरण अजून बोर्डावर आलेलं नाही.

मध्यंतरी मी मॅनेजरला एक कल्पना दिली. फ्रेंच प्रशासकीय न्यायाधीशाला दावा फेटाळायचा असेल तर, निरर्थक सोडून, मांडलेल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं. एक मुद्दा सुटला तर निकाल त्याच कारणाने वरच्या पायरीवर पडू शकतो. आपण टक्के दाखवण्याऐवजी एवढंच दाखवू या: याचिकेत मुद्दे किती, निकालात उत्तरं किती, सुटले कोणते. मशीनला हे छान जमतं. यात निवाडा नाही, नुसतं जुळवून बघणं आहे. न्यायाधीशालाही सही करण्याआधी वापरता येईल.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कल्पना चांगली आहे, पण याला गिऱ्हाईक कोण? आपली मोठी बिलं सरकारी खाती भरतात." चूक नव्हतं त्याचं. सुटलेले मुद्दे शोधायला खातं कशाला पैसे देईल?

शनिवारी मी ते घरच्या लॅपटॉपवर लिहिलं. सगळ्यात जास्त वेळ गेला तो अर्थातच स्कॅन सरळ करण्यात. बाबांच्या याचिकेत नऊ मुद्दे, निकालात उत्तरं तीन. तृतीय श्रेणीचा मुद्दा यादीत चौथा. बाबांनी चष्मा लावून यादी दोनदा वाचली, म्हणाले, "सातवा आणि आठवा एकच आहेत, तुझ्या मशीनला कळलं नाही." खरंच एकच होते. मी ते दुरुस्त केलं, आठांची यादी छापली, आणि सोमवारी ते ती घेऊन वकिलांकडे गेले.